समुद्रापलीकडची नात

"आता आत्याला सांगायचं कोणी?" वहिनींनी विचारलं आणि हातातली पळी तशीच उचलून धरत बारक्याकडे पाहिलं.

बारक्या म्हणजे दारातून मान वाकवून आत येणारा माणूस. चाळिशी उलटली, खालचं शिवणाचं दुकान एकटा सांभाळतो, कारागिरांवर डाफरतो, तरी घरात बारक्याच. आत्ता मात्र तो ओट्याला टेकून असा उभा होता की नाव शोभून दिसत होतं.

"तू सांग ना वहिनी. तुझं ऐकते ती."

"वा रे वा! घोळ तू घालायचास आणि निस्तरायचा मी! मला आधी नीट सांग. ही जी पोरगी आता तासाभरात येतेय, ती भाऊकाकांची नात नाही?"

"नाही."

"पुतणी, भाची, चुलत, मावस, काहीच नाही?"

"रक्ताची कोणीच नाही. तिचे आजोबा भाऊकाकांच्या हाताखाली होते. आपल्याच दुकानात काजं करायचे, इथूनच त्यांच्याबरोबर गेले. भाऊकाकांनी लग्नच केलं नाही, वहिनी."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या फोनला."

"पहिल्या फोनला काय झोपला होतास?"

झोपला नव्हता, उलट फारच जागा होता, तिथेच घोटाळा झाला. या घराण्याच्या कोटाला आतला खिसा उजव्या बाजूला असतो. साऱ्या जगाचा डावीकडे, यांचा उजवीकडे. कारण बारक्याचे आजोबा डावरे होते आणि जगाने आपल्या सोयीने वागावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती. गिऱ्हाइकं कुरकुरायची, उजव्या हाताने चाचपडायची, पण आजोबांनी खिसा हलवला नाही. पुढे तीच दुकानाची खूण झाली. तर बारक्याला फोनवर जुने कपडे विकणाऱ्या कुणाच्या तरी पानावर असाच एक कोट दिसला. समुद्रापलीकडचं शहर, आणि खिसा उजवीकडे! त्याने विकणाऱ्याचा पिच्छा पुरवला, शिवणाऱ्याचं दुकान शोधलं, फोन लावला. पलीकडून एक बाई चक्क मराठीत म्हणाली, "हो, आमचंच दुकान. कोट तुमच्या भाऊकाकांचाच. आणि माझे आजोबा..." यापुढचं ऐकायला बारक्या थांबलाच नाही. "सापडली! भाऊकाकांची नात सापडली!" अशी आरोळी त्याने ठोकली, आणि शेजारच्या खोलीतून आत्या, जिला एरवी गुडघे धरून उठावं लागतं, ती धावत आली.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात गोड पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा फोन झाला, पण वाटलेलं गोड परत कसं मागणार?

"भाऊकाका घर सोडून गेल्यापासून साठ वर्षं आत्या एकच विचारतेय," बारक्या म्हणाला. "भावाचं कोणी असेल ना रे तिकडे? एकटा तर नसेल ना राहिला? आणि मी जाऊन सांगू, नात नाही म्हणून?"

वहिनींनी गॅस बारीक केला. बारक्या शेंबडा असताना त्या या घरात आल्या होत्या, त्याचं नाक त्यांनी पुसलं होतं, त्याच्या थापा सासऱ्यांपासून लपवल्या होत्या. सवय काय सुटते होय?

"आज नाही सांगायचं," त्या म्हणाल्या. "आज ती पोटभर हसू दे. पाहुणीला दारातच गाठ आणि गप्प राहायला सांग. आणि यांना तर अजिबात कळता कामा नये."

'हे' म्हणजे बारक्याचे थोरले भाऊ. त्यांना घरात आणि गल्लीत सगळेच वकील म्हणत. ते त्या वेळी आत्याच्या खोलीत होते आणि नको तेच बोलत होते.

"मी नाही म्हणत नाही, आत्या. येऊ दे. पण आजकाल कोणीही कोणाचंही नाव सांगतं. काहीतरी पुरावा नको?"

आत्या आरशासमोर बसली होती. ठेवणीतले कपडे सकाळीच घालून झाले होते. आता तिसऱ्यांदा केस विंचरणं चाललं होतं.

"तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईने मला पुरावा दाखवला नव्हता," ती म्हणाली. "मी आपलं घेतलं मांडीवर. माझे कपडे ओले केलेस."

"आत्या, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? चांगले नवे कपडे होते."

वकिलांना पटलं नाही. त्यांना काही त्या पाहुणीशी वैर नव्हतं. भीती होती ती आत्याची. उद्या ही बाई दुसरीच कोणी निघाली तर म्हातारी अंथरूण धरेल आणि मग धावपळ आपल्याच नशिबी, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. म्हणून त्यांनी मनातल्या मनात चार आडवे प्रश्न तयार करून ठेवले होते.

बारक्या पाहुणीला दारात गाठणार होता. पण त्या दिवशी दारात आधी शेजारीण आली, मग दुकानाचा जुना कारागीर आला, आणि बारक्या त्यांना वाटेला लावतोय तोवर गाडी येऊन थांबलीदेखील. आतून एक तिशीची, उंच, मोकळ्या चेहऱ्याची बाई उतरली. अंगात राखाडी कोट, हातात भलीमोठी बॅग. बारक्याने घाईघाईने बॅग ओढली, पट्टा दारात अडकला, बॅग त्याच्याच पायावर पडली.

पाहुणी प्रेमाने हसली. "सावकाश रे," ती म्हणाली. "सुई हातात आहे की कुदळ?"

जिन्यात उभी असलेली आत्या कठडा धरून तिथेच थांबली.

हे वाक्य तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचे वडील म्हणायचे. दिवसातून दहादा, कापायच्या टेबलामागून, दुकानातल्या प्रत्येकाला. तिचा थोरला भाऊ, बारक्याचा बाप, कधी म्हणायचा नाही, तो मवाळ. म्हणायचा तो धाकटा, भाऊ. अगदी त्याच चालीत, 'कुदळ'वर जोर देऊन.

पाहुणीने मान वर केली. "तू टाचणी ना?"

"अगं बाई!" आत्याने तोंडावर हात घेतला.

"टाचणी?" वकिलांनी वहिनींना हळूच विचारलं. "हे काय नवीन?"

वहिनींनाही ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. अंगाने काडी आणि बोलायला टोचरी म्हणून बहिणीला टाचणी म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो गेल्यावर ते नावही गेलं होतं. आत्या उरलेल्या पायऱ्या कशा उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. पाहुणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती बघत राहिली, रडत राहिली, मध्येच "नाक बघा, नाक! भाऊचंच!" असं सगळ्यांना दाखवत राहिली.

बारक्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं.

वर बैठकीच्या खोलीत जी गंमत सुरू झाली ती विचारू नका. पाहुणीचं मराठी फर्डं होतं, पण सगळं दुकानातलं. ज्या मराठीत माणूस आयुष्यभर ओरडत राहतो तेवढंच मराठी तिच्या घरात समुद्रापलीकडे पोचलं होतं, आणि तिच्या लेखी ती मायेची भाषा होती. वकील प्रश्न जुळवत उभे होते, तर ती त्यांना म्हणाली, "बस की. गिऱ्हाईक असल्यासारखा उभा का?" ज्यांना सख्खी बायको अहो-जाहो करते, ज्यांच्यासमोर पक्षकार घाम पुसतात, ते वकील मुकाट्याने बसले. वहिनी चहा ओतताना बोलत होत्या, तर त्यांना ऐकायला मिळालं, "हात चालव, तोंड राहू दे." वहिनींना इतकं हसू आलं की निम्मा चहा बशीत गेला.

"काही चुकलं का माझं?" पाहुणी गोंधळली.

"चुकतंय कसलं!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "बोल, अजून बोल. दोऱ्याचं कसं म्हणायचा?"

"दोरा ओवायला काय मुहूर्त काढतोस?"

"आणि टीप वाकडी गेली की?"

"शिवतोयस की नांगरतोयस?" पाहुणी आणि आत्या एकदमच म्हणाल्या.

वकिलांनी तयार केलेल्या चारपैकी पहिला प्रश्न आता कसाबसा पुढे केला. "ते इथून का गेले, याबद्दल काही बोलायचे का?"

"खिशावरून," पाहुणी लगेच म्हणाली. "ते म्हणायचे खिसा डावीकडे लावू, लोकांना त्रास होतो. मोठे मालक म्हणायचे उजवीकडेच. एक दिवस कापलेला कोट टेबलावर टाकून निघाले. म्हणाले, आता डावीकडे खिसा लावीन तेव्हाच सुई हातात धरीन."

"खरंय, शब्द न् शब्द खरंय," आत्या म्हणाली. "मी दारामागे उभी होते. मग? लावला का डावीकडे?"

पाहुणीने आपल्या कोटाची बाजू उघडून दाखवली. खिसा उजवीकडे होता.

"तिकडे जाऊन पहिला कोट शिवला आणि हात आपोआप उजवीकडे गेला. पुढेही तसाच. लोक तक्रार करायला आले तर त्यांनाच ओरडायचे."

वकील उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पार बदलला होता. भांडण करून घर सोडायचं आणि जन्मभर त्याच बापाचा खिसा शिवायचा, इतका शुद्ध हेका त्यांनी एकाच घरात पाहिला होता.

"संपलं!" ते म्हणाले. "मला आता काही विचारायचं नाही. रक्त बोलतंय. याला म्हणतात रक्त! आत्या, मी माझे शब्द मागे घेतो."

बारक्याला ठसका लागला. वहिनींनी त्याच्या पाठीत गरजेपेक्षा जोरात थाप मारली.

जेवायला बसेपर्यंत वकील पाहुणीच्या शेजारी सरकले होते. तिला वाढत होते, आग्रह करत होते, बारक्याने घराण्यावर केवढे उपकार केले ते सांगत होते. बारक्या त्या कौतुकाने अर्धमेला झाला होता. पाहुणीशी एकांतात दोन शब्द बोलायची त्याला अजून संधी मिळाली नव्हती. तिला वाटत होतं सगळ्यांना सगळं माहीतच आहे, म्हणून ती मोकळेपणी बोलत होती.

"मास्तरांना तिखट फार लागायचं," भाजी घेताना ती म्हणाली. "माझी आई वेगळं काढून ठेवायची मास्तरांसाठी."

आत्याचा घास हातात राहिला.

नात्याची भाषा आत्याला पक्की कळते. साठ वर्षं ती याच एका विषयावर विचार करत आली होती. काल रात्री तर झोपेतही तिने त्या नातीच्या तोंडून 'आजोबा' ऐकलं होतं. आणि आल्यापासून या मुलीने 'आजोबा' हा शब्द एकदाही भाऊसाठी वापरला नव्हता.

"तू त्याला मास्तर का म्हणतेस गं?" तिने विचारलं.

"सगळेच म्हणायचे. आजोबाच मास्तर म्हणायचे ना, मग..." पाहुणी थांबली. वकील वाढता वाढता थांबले होते. तिने बारक्याकडे पाहिलं. "मी तुला सांगितलं होतं ना फोनवर?"

बारक्या ताटातल्या मिठाकडे बघत होता.

"आत्या, भाजी वाढू का अजून?" वहिनी म्हणाल्या.

"सूनबाई, भाजी राहू दे. म्हणजे तुलाही ठाऊक आहे." आत्या पाहुणीकडे वळली. "तू सांग बाळ. तू काही चुकलेली नाहीस. तुझे आजोबा कोण?"

"दुकानात काजं करायचे ते. मास्तर निघाले तेव्हा त्यांच्या मागोमाग धावत बंदरावर गेले. त्यांना घरचं कोणी नव्हतं. मास्तर म्हणाले परत जा, हे गेले नाहीत."

"तो?" आत्या म्हणाली. "तो कुरळ्या केसांचा? त्याला मीच वाढायचे दुपारी." मग तिने विचारलं, "आणि माझ्या भावाचं लग्न?"

"नाही केलं त्यांनी."

वकील इतक्या झटक्याने उठले की खुर्ची मागे पडली. "म्हणजे ही शुद्ध फसवणूक झाली! बारक्या, तुला..."

"खाली बस," आत्या म्हणाली. "कोर्टाला आज सुट्टी आहे."

"पण आत्या, रक्ताचा काही संबंधच..."

"मघाशी रक्त बोलत होतं ते तुलाच ऐकू आलं होतं. बस."

वकिलांनी खुर्ची उचलली आणि बसले. बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढा मोठा माणूस, पण लपवायलाही जमेना.

"तू इतकी हसत होतीस, आत्या. घरोघरी गोड वाटत होतीस. मला तोंडच उघडवेना."

"गाढव आहेस," आत्या म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिला फार वाईट वाटलं होतं. मघापासून ज्या नाकात तिला भाऊचं नाक दिसत होतं, ते आता नुसतं एक छान नाक होतं. भावाचं मूल नाही, मुलाचं मूल नाही. तिकडे कोणी नाहीच. तिने ताट थोडं पुढे सरकवलं. पाहुणीही रडकुंडीला आली होती आणि आपण आता उठावं की बसावं हे तिला कळत नव्हतं. वहिनींनी टेबलाखालून तिचा हात धरून ठेवला. वकिलांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"एक सांग मला," आत्या शेवटी म्हणाली. साठ वर्षं जे विचारायचं होतं ते इतकंच होतं, बाकी सगळं त्याच्या भोवतालचं होतं. "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? एकटाच गेला का माझा भाऊ?"

"एकटे?" पाहुणीला प्रश्नच कळला नाही. "एकटे कसे जातील? आमच्याच घरी होते ना ते, कायमचे. मधली खोली मास्तरांची. मी शाळेत होते तेव्हा. सगळे खोलीत दाटीवाटीने उभे होतो, बाबा, काका, सगळी पोरं. आजोबा चमच्याने पाणी पाजत होते. त्यांचा हात इतका थरथरत होता की पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. दोन दिवस ते काही बोलले नव्हते. तर तसेच डोळे मिटून म्हणाले, 'चमचा हातात आहे की कुदळ?'"

वहिनींनी टेबलाखाली पाहुणीचा हात घट्ट दाबला.

"आजोबा रडता रडता हसायला लागले. मग आम्हीही. सगळे हसत होतो तेव्हाच मास्तर गेले."

आत्या आधी रडली की आधी हसली ते सांगता येणार नाही. पोट धरून, डोळ्यांना पदर लावून ती गदागदा हलत होती. "मरतानाही! मरतानाही ओरडला मेला!" एवढंच तिला बोलता येत होतं. बारक्या हसला, वहिनी हसल्या. वकिलांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"आजोबांनीच सगळं केलं," पाहुणी म्हणाली. "मुलाने करावं तसं. कोणी विचारलंही नाही त्यांना, तुम्ही कोण म्हणून."

"मग मी कशाला विचारू?" आत्याने नाक पुसलं, ताट पुन्हा जवळ ओढलं. तिने पाहुणीकडे पाहिलं. मग ती खुर्चीत सावरून बसली. नातेवाईक मोजायला बसताना म्हाताऱ्या बायका बसतात तशी.

"हं. आता सांग. माझ्या भावाच्या घरी कोण कोण असतं?"

पाहुणीला आधी खरं वाटेना. मग ती हळूहळू सांगू लागली. आई, बाबा. दोन काका, दोन्ही काकू. एक आत्या, तिकडे डोंगराळ भागात दिलेली, तिचे यजमान. इथली आत्या प्रत्येकाला एक बोट मिटत होती. काय करतो, कसा दिसतो, तब्येत कशी, तिखट खातो का, सगळं विचारत होती. मोठ्या काकांचा मुलगा दुकानात बसतो. तोही उजवाच खिसा लावतो. त्याच्या बायकोला ते पसंत नाही. "म्हणजे भांडतात?" आत्याने आनंदाने विचारलं. "रोज," पाहुणी म्हणाली.

"बघा, बघा कसा पसारा मांडलाय भावाने," आत्या वहिनींना म्हणाली. "आणि मी समजत होते एकटा असेल."

"आणि धाकट्या काकांच्या त्या जुळ्या मुली," वकील मध्येच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाकरले. "तिने मघाशी चहाच्या वेळी सांगितलं होतं. त्या तू धरल्या नाहीस, आत्या."

आत्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. सगळी बोटं मिटलेली होती.

"तुझा हात दे इकडे," ती वकिलांना म्हणाली. "माझी बोटं संपली."

वकिलांनी हात पुढे केला. आत्याने त्यांची दोन बोटं मिटली आणि पाहुणीला म्हणाली, "हं, पुढे."